दुपारचा ५०२ आणि गर्दीतला ५०२ : लोड बॅलन्सरमागची साइट अधूनमधून का पडते

लक्षणं आधी लिहिते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे की नाही ते लगेच कळेल.

साइट बंद पडलेली नसते. एरवी नीट उघडते, आणि मध्येच एखाद्याला पांढऱ्या पानावर ‘५०२ बॅड गेटवे’ दिसतं. रिफ्रेश केलं की गायब. कधी ५०४ येतो, तोही मिनिटभर चाक फिरून झाल्यावर. कधी लॉगिन केलेला माणूस पुढच्या क्लिकला पुन्हा लॉगिनच्या पानावर जाऊन पडतो. सर्व्हरवर जाऊन बघावं तर सीपीयू शांत, मेमरी शिल्लक, प्रोसेस चालू. रीस्टार्ट केलं की दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. आणि ज्याला बघायला बोलवावं त्याच्यासमोर ते कधीच होत नाही.

मी बडोद्यात लहान व्यावसायिकांचे सर्व्हर सांभाळते. दांडिया बाजाराकडच्या एका काकूंचा घरगुती फराळाचा धंदा आहे, त्यांचा लिलो चिवडा अमेरिकेपर्यंत जातो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतले एक-दोन कारखाने आहेत. आणि नवरात्र आलं की गरब्याचे पास ऑनलाइन विकणारे आयोजक. सगळ्यांकडे मांडणी साधारण एकच: पुढे एक लोड बॅलन्सर, मागे दोन किंवा तीन सर्व्हर. आणि वर लिहिलेला त्रास मी या सगळ्यांकडे, एकेकाकडे दोनदोनदा, दुरुस्त केला आहे.

आता फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, ‘किती वाजता झालं?’ गर्दीच्या वेळी येणारा ५०२ आणि निवांत दुपारी येणारा ५०२ हे दोन वेगळे रोग आहेत. आकडा एकच दिसतो म्हणून लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात, सर्व्हर मोठा करून पैसे घालवतात, आणि त्रास तिथेच राहतो.

आधी मांडणी समजून घ्या

नवरात्रातल्या गरब्याच्या मैदानाला तीन गेट आहेत असं धरा. बाहेर एक स्वयंसेवक उभा आहे, तो येणाऱ्याला सांगतो, तुम्ही एक नंबरला जा, तुम्ही दोनला, तुम्ही तीनला. तो स्वयंसेवक म्हणजे लोड बॅलन्सर. गेट म्हणजे बॅकएंड सर्व्हर, एनजिनएक्सच्या भाषेत ‘अपस्ट्रीम’ (एनजिनएक्स आणि एचएप्रॉक्सी ही लोड बॅलन्सरचं काम करणारी दोन सॉफ्टवेअर). ओळीने एक-दोन-तीन पाठवणं म्हणजे राउंड रॉबिन. ज्या गेटवर माणसं कमी तिकडे पाठवणं म्हणजे लीस्ट कनेक्शन. आणि दर थोड्या वेळाने ‘स्कॅनर चालतोय ना?’ असं ओरडून विचारणं म्हणजे हेल्थ चेक.

५०२ चा अर्थ स्वयंसेवक असा सांगतो: मी माणूस गेटवर पाठवला, पण गेटवरून धड उत्तर आलं नाही. ५०४ म्हणजे: पाठवला, वाट बघितली, उत्तरच आलं नाही. ५०३ म्हणजे: पाठवायला गेटच शिल्लक नाही. मात्र हे तीन आकडे सगळीकडे सारखे वापरले जात नाहीत. सगळे बॅकएंड बाद झाले तर एचएप्रॉक्सी ५०३ देतो, एनजिनएक्स त्याच प्रसंगी ५०२ देतो. म्हणून आकडा वाचताना तो कोणी दिला हेही बघायचं. एनजिनएक्सच्या पानावर खाली त्याचं नाव असतं. एचएप्रॉक्सीच्या ५०२ वर ‘सर्व्हरने चुकीचं किंवा अर्धवट उत्तर दिलं’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं. दोन्हीपैकी काही नसेल, तर ते पान तुमच्या पुढच्या सीडीएनचं (साइटच्या प्रती जगभर ठेवून वाटणाऱ्या सेवेचं) किंवा क्लाऊडच्या लोड बॅलन्सरचं असू शकतं, आणि मग शोध तिथून सुरू करायचा.

पहिली तपासणी: कागद आणि घड्याळ

फुकट आहे, आणि मी सगळ्यात जास्त वेळा इथेच उत्तराच्या जवळ पोचले आहे.

तीन-चार दिवस, जेव्हा जेव्हा त्रास होईल तेव्हा चार गोष्टी लिहून ठेवायला सांगा: वेळ (मिनिटापर्यंत), आकडा, काय करत होतात (नुसतं पान उघडत होतात की फॉर्म भरून बटण दाबलं), आणि मोबाईल डेटावर होतात की वायफायवर. काकूंनी हे वहीत लिहिलं. फराळाच्या ऑर्डरी लिहायच्या वहीतच, मागच्या पानावर: ‘दु. २.३७, पाचशे दोन, ऑर्डरचं बटण.’ खाली अजून पाच नोंदी. सगळ्या दुपारी एक ते चार. सगळ्या बटण दाबताना, पान उघडताना एकही नाही. ती पाच-सहा वाक्यं मला एका आठवड्याच्या ग्राफपेक्षा जास्त सांगून गेली.

एक काळजी घ्या. सर्व्हरचे लॉग बहुतेक वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. काकूंचं २.३७ हे लॉगमध्ये ०९:०७ असतं. मी अनेकांना १४:३७ ला लॉगमध्ये काहीच सापडत नाही म्हणून हताश होताना पाहिलं आहे. शिवाय सगळ्या सर्व्हरांची घड्याळं आपसात जुळलेली आहेत का तेही आत्ताच बघून घ्या. पुढे दोन मशीनचे लॉग शेजारी ठेवून वाचायचे आहेत, आणि तेव्हा तीन सेकंदांचा फरकही दिशाभूल करतो.

दुसरी: मोजून रिफ्रेश करा

इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि तेच पान तीस वेळा उघडा, किंवा कर्लने (टर्मिनलवरून पान मागवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) तीस वेळा मागवा. किती वेळा बिघडलं ते मोजा. मागे तीन सर्व्हर असताना बरोबर दर तिसरी विनंती पडत असेल, तर राउंड रॉबिन त्याचं काम चोख करतोय आणि एक गेट बंद आहे. तो कुठला, ते पुढच्या तपासणीत कळेल. विनंत्या विखुरलेल्या, अनियमित पडत असतील तर एकाच सर्व्हरचा दोष असण्याची शक्यता कमी होते.

इनकॉग्निटो का, तर नेहमीच्या खिडकीत कुकी असते. स्टिकी सेशन चालू असेल तर ती कुकी तुम्हाला पुन्हा पुन्हा एकाच सर्व्हरकडे नेते आणि ‘मला तर दिसतंय सगळं नीट’ असं वाटत राहतं. ग्राहक बिचारा दुसऱ्या सर्व्हरवर अडकलेला असतो.

तिसरी: प्रत्येक बॅकएंडवर पाच मिनिटं

डिस्क किती भरली आहे, मेमरी किती आहे, प्रोसेस कधीपासून चालू आहे. बस, एवढंच.

डिस्क शंभर टक्के भरली की अ‍ॅप सेशनची (कोण लॉगिन आहे याची) फाइल लिहू शकत नाही, लॉग लिहू शकत नाही, आणि मध्येच मान टाकतं. बहुतेक वेळा जुने लॉगच साठलेले असतात. प्रोसेस किती वेळ चालू आहे हे बघायचं कारण असं: तुम्ही महिनाभर हात लावलेला नाही आणि प्रोसेस मात्र चाळीस मिनिटांपूर्वी सुरू झालेली दिसते, याचा अर्थ ती मरते आहे आणि कोणीतरी तिला उठवतं आहे. मग कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतो. मरण्या-उठण्याच्या त्या मधल्या सेकंदांत आलेल्या सगळ्या विनंत्यांना ५०२ मिळतो. आत्ता मेमरी रिकामी दिसते म्हणून निर्धास्त होऊ नका. मारल्यानंतर ती रिकामीच दिसणार.

चौथी: स्वयंसेवकाला बाजूला करून थेट गेटवर जा

लोड बॅलन्सरच्या मशीनवरून कर्लने प्रत्येक बॅकएंडला त्याच्या आतल्या आयपीवर आणि पोर्टवर थेट विचारा. होस्ट हेडर (कुठली साइट हवी ते सांगणारी ओळ) मात्र खऱ्या साइटचंच द्या, नाहीतर सर्व्हर भलतंच पान देईल आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाल. तुमच्या लॅपटॉपवरून नको, लोड बॅलन्सरच्याच मशीनवरून करा. कारण आपल्याला तोच रस्ता तपासायचा आहे ज्या रस्त्याने विनंती जाते. फायरवॉलचा नियम त्याच दोघांच्या मध्ये बसलेला असू शकतो.

थेट विचारल्यावरही पडतं? मग दोष मधल्या रस्त्यात किंवा अ‍ॅपमध्ये आहे, लोड बॅलन्सरला सोडून द्या. थेट शंभरदा नीट आणि मधून गेलं की पडतं? मग दोष त्या दोघांच्या नात्यात आहे. पुढचा सगळा मजकूर त्याच नात्याबद्दल आहे.

हेल्थ चेक नेमकं काय विचारतो?

स्कॅनर बंद पडलेल्या गेटवर स्वयंसेवक माणसं पाठवतच राहतो, कारण त्याने फक्त ‘गेट उघडं आहे का?’ एवढंच विचारलं होतं. गेट उघडं आहे. स्कॅनर बंद आहे.

एचएप्रॉक्सीचा साधा ‘चेक’ फक्त टीसीपी कनेक्शन जुळतंय का ते बघतो. हे कनेक्शन जुळवण्याचं काम कर्नल करतो, अ‍ॅप नाही. अ‍ॅप आत पूर्ण गोठलेलं असलं तरी कर्नल दार उघडून ‘या’ म्हणतो, आणि हेल्थ चेक पास होतो. म्हणून चेक एचटीटीपीचा ठेवा, एका लहानशा पानावर, जे पान अ‍ॅपच तयार करून देतं. मुळातली मांडणी दर २ सेकंदांनी तपासणी, ३ वेळा नापास झालं की बाद आणि २ वेळा पास झालं की परत आत, अशी असते. म्हणजे मेलेला सर्व्हर ओळखायला साधारण सहा सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळातल्या विनंत्या त्याच्याकडे जातच राहतात. हे कळलं की सर्व्हर रीस्टार्ट करताना आधी त्याला लोड बॅलन्सरमधून बाहेर काढायचं, चालू विनंत्या संपू द्यायच्या आणि मगच हात लावायचा, ही सवय लागते. नव्या आवृत्तीच्या दिवशीच ५०२ येत असतील तर तुमचा आजार एवढाच आहे.

एनजिनएक्सच्या मोफत आवृत्तीत असा स्वतःहून जाऊन विचारणारा चेक नाही. तो फक्त खऱ्या विनंत्या पडताना बघून शिकतो. त्याचा मूळ हिशेब कडक आहे: १ चूक झाली की १० सेकंद तो सर्व्हर बाद. मागे दोनच सर्व्हर असतील आणि दोघांकडून एकेक चूक झाली, तर लॉगमध्ये ‘नो लाइव्ह अपस्ट्रीम्स’ येतं आणि सगळ्यांनाच ५०२. मी तिथे चुकांची मर्यादा ३ पर्यंत वाढवते.

उलट बाजूची चूकही सांगते. एका ठिकाणी हेल्थ चेकच्या पानातच डेटाबेसला प्रश्न विचारलेला होता. डेटाबेस दोन सेकंद मंद झाला की तिन्ही सर्व्हर एकदम नापास, आणि तिन्ही एकदम बाहेर. मंद साइट चालली असती. पूर्ण बंद साइट त्या चेकने करून दाखवली. हेल्थ चेकने त्या एका सर्व्हरबद्दलच विचारावं, सगळ्यांच्या सामायिक गोष्टीबद्दल नाही.

लॉग: एक ओळ नीट वाचा

एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ५०२ मागचं कारण सरळ इंग्रजीत लिहिलेलं असतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, क्रमांक १११: त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही, प्रोसेस मेली आहे. ‘टाइम्ड आउट’, क्रमांक ११०: रस्ता किंवा अ‍ॅप मंद आहे, हा ५०४ चा भाऊ. ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’, क्रमांक १०४, किंवा ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’: समोरच्याने बोलणं मध्येच तोडलं. हे शेवटचं दिसलं आणि प्रोसेस मेलेलीही नसेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

एचएप्रॉक्सीत प्रत्येक ओळीत चार अक्षरांचा एक गट असतो. त्यातली पहिली दोन बघा. मोठा एस आणि मोठा एच म्हणजे सर्व्हरने उत्तराचे हेडर पुरे करण्याआधी कनेक्शन तोडलं. मोठा एस आणि मोठा सी म्हणजे कनेक्शनच नाकारलं. लहान एस आणि मोठा एच म्हणजे सर्व्हरची वाट बघून वेळ संपला. लहान एस आणि मोठा क्यू म्हणजे विनंती रांगेतच उभी राहून थकली. अक्षर लहान की मोठं याने अर्थ बदलतो: मोठा एस म्हणजे सर्व्हरने तोडलं, लहान एस म्हणजे सर्व्हरची वाट बघता बघता वेळ संपला.

दुपारचा ५०२

काकूंच्या साइटवर पुढे एनजिनएक्स, मागे नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारे दोन सर्व्हर. लॉगमध्ये ०९:०७:०५ ला क्रमांक १०४. मी त्याच मिनिटाचा बॅकएंडचा लॉग शेजारी ठेवला. ०९:०७:०० ला त्याच ग्राहकाची पिनकोडची विनंती व्यवस्थित झालेली होती. ०९:०७:०५ ची ऑर्डरची विनंती बॅकएंडच्या लॉगमध्ये नव्हतीच. ती तिथे पोचलीच नाही. वहीतल्या बाकीच्या नोंदी तशाच उघडल्या. प्रत्येक ठिकाणी आधीची विनंती आणि पडलेली विनंती यांच्यात पाच सेकंद. चार नाही, सात नाही. पाच.

तिथे गोष्ट उघडी पडली. नोडच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत कीप-अलाइव्ह टाइमआउट मुळात ५ सेकंद आहे. म्हणजे एक विनंती झाल्यावर कनेक्शन पाच सेकंद उघडं ठेवायचं, तेवढ्यात दुसरी आली नाही तर बंद करायचं. एनजिनएक्समध्ये कीप-अलाइव्ह चालू असेल तर तो मात्र त्याच्या बाजूने अपस्ट्रीमची मोकळी कनेक्शनं ६० सेकंद जपून ठेवतो, पुन्हा वापरता येतील म्हणून. आता पाचवा सेकंद संपतो, नोड ‘बंद करतोय’ असा निरोप पाठवतो, तो निरोप अजून वाटेतच आहे, आणि त्याच क्षणी एनजिनएक्स ‘हे कनेक्शन तर उघडं आहे’ असं समजून त्यावर ऑर्डर पाठवतो. दोन्ही निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून जातात. नोड म्हणतो, मी तर बंद केलं, आणि रीसेट पाठवतो. ग्राहकाला ५०२.

ही फट मिलिसेकंदांची असते, मग वारंवार कशी सापडते? काकूंच्या फॉर्ममध्ये पिनकोड टाकला की सर्व्हरला विनंती जाते आणि पोस्टेजचा आकडा येतो. माणूस तो आकडा वाचतो, एकदा पत्ता बघतो आणि बटण दाबतो. या सगळ्याला लागतात साधारण पाच सेकंद. मी स्वतः घड्याळ लावून दहादा करून पाहिलं.

आणि संध्याकाळी का होत नाही? संध्याकाळी इतके ग्राहक असतात की कुठलंही कनेक्शन पाच सेकंद रिकामं बसतच नाही. गर्दी हा आजार झाकून टाकते. दुपारी बाजार झोपलेला असतो, कनेक्शनं रिकामी बसतात, आणि फट उघडते.

पान उघडताना का नाही, फक्त बटण दाबताना का, याचंही कारण आहे. नुसतं पान मागवणारी, म्हणजे ‘GET’ प्रकारची विनंती अशी पडली तर एनजिनएक्स गुपचूप तीच दुसऱ्या सर्व्हरला पाठवतो, ग्राहकाला काही कळत नाही. फॉर्मची माहिती पाठवणारी, म्हणजे पोस्ट प्रकारची विनंती एकदा पाठवून झाल्यावर तो मुळात पुन्हा पाठवत नाही, कारण पहिल्या सर्व्हरने ती ऐकली असेल तर ऑर्डर दोनदा लागेल. त्याचं हे वागणं बरोबर आहे. पोस्टही पुन्हा पाठवायची एक मुभा सेटिंगमध्ये आहे, आणि काकूंकडे माझ्याआधी कोणीतरी ती चालू केली होती. ५०२ कमी झाले, पण नाशिकच्या एका ग्राहकाकडे चिवड्याची दोन पार्सलं पोचली आणि पैसेही दोनदा कापले गेले. काकूंनी त्याला स्वतः फोन करून माफी मागितली आणि मला म्हणाल्या, ‘अगं, पान पांढरं दिसलं तर माणूस पुन्हा येतो. पैसे दोनदा गेले तर येत नाही.’ ती मुभा चालू करू नका. प्रत्येक ऑर्डरला एकच ओळखक्रमांक देऊन दुसरी प्रत नाकारणारं अ‍ॅप तुमच्याकडे असेल तरच तो विचार करा.

खरा उपाय एका वाक्याचा आहे: विनंती जो पाठवतो, मोकळं कनेक्शन त्यानेच आधी बंद करायचं. म्हणजे लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट लहान, बॅकएंडचा कीप-अलाइव्ह त्याहून मोठा. मी नोडमध्ये तो ६५ सेकंद केला (तिथे आकडा मिलिसेकंदांत द्यावा लागतो, ६५०००), आणि हेडर्सचा टाइमआउट त्याहून थोडा जास्त. बॅकएंडला हात लावता येत नसेल तर उलट करा, एनजिनएक्सची अपस्ट्रीमची मुदत ४ सेकंदांवर आणा. दोन्ही चालतं. काकूंच्या वहीचं मागचं पान त्यानंतर कोरं आहे.

तुमच्याकडे नोड नसेल तरी आकडे तपासा. अपाचीचा कीप-अलाइव्ह मुळात ५ सेकंद असतो, गनिकॉर्नचा २ (त्याच्या मूळ ‘सिंक’ मांडणीत मात्र तो लागू होत नाही). अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट मुळात ६०. अशी जोडी जशीच्या तशी ठेवली तर हा दोष तुमच्याकडेही असू शकतो, फक्त अजून कोणी तक्रार केलेली नसेल.

गर्दीतला ५०२ आणि ५०४

याची चाल वेगळी. पास विक्रीची वेळ सकाळी दहाची. दहा वाजून वीस सेकंदांनी आयोजकांचा फोन, ‘बेन, साइट बंद छे.’ सीपीयू बघावा तर तीस टक्के. लोकांना इथेच चकवा बसतो. सीपीयू मोकळा आहे कारण काम करणारेच कमी आहेत.

पीएचपीत लिहिलेल्या साइट चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या नेहमीच्या मूळ मांडणीत एका सर्व्हरवर जास्तीत जास्त ५ कामगार (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस) असतात. एक विनंती अर्धा सेकंद घेत असेल तर एक सर्व्हर सेकंदाला १० विनंत्या उरकतो, दोन सर्व्हर २०. दहा वाजता सेकंदाला दोनशे आल्या तर बाकीच्या रांगेत. रांग मिनिटापुढे गेली की एनजिनएक्सचा ६० सेकंदांचा वाचनाचा टाइमआउट संपतो आणि ५०४ येतो. एफपीएमच्या लॉगमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ची मर्यादा गाठली असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पहिल्यांदा तेच शोधा.

कामगार वाढवताना मेमरीचा भागाकार करा. ४ जीबीचं मशीन, १ जीबी इतरांसाठी सोडा, एक कामगार ६० एमबी खातो असं मोजून बघितलं, तर साधारण ५०. अंदाजाने दोनशे लिहिलंत तर गर्दीच्या ऐन वेळी मेमरी संपेल आणि तिसऱ्या तपासणीतला आजार नव्याने ओढवून घ्याल. आणि लगेच डेटाबेसकडे बघा. मायएसक्यूएलची कनेक्शनची मूळ मर्यादा १५१ आहे. तीन सर्व्हरवर साठ-साठ कामगार केले तर १८० जण एकदम दार ठोठावतील. पुढची रांग सोडवून तुम्ही ती मागे ढकललीत इतकंच.

टाइमआउट ६० चा ३०० करू नका, हे मी हात जोडून सांगते. तेवढ्याने एकही विनंती लवकर होत नाही. ग्राहक कंटाळून रिफ्रेश करतो, जुनी विनंती आत तशीच कामगार अडवून बसते आणि नवी मागे उभी राहते. त्याऐवजी लोड बॅलन्सरवर प्रत्येक बॅकएंडची कमाल मर्यादा बांधा, जास्तीची रांग बाहेर ठेवा आणि रांगेतल्याला लवकर, स्वच्छ मराठी-गुजरातीत सांगा की थोड्या वेळाने या. मागच्या नवरात्रात एवढ्यानेच मशीन न वाढवता काम झालं.

लॉगिन उडणं

थोडक्यात. सेशन एका सर्व्हरच्या फाइलमध्ये आणि पुढची विनंती दुसऱ्या सर्व्हरवर, हे कारण. आयपी हॅश लावणं (ग्राहकाच्या आयपीवरून त्याचा सर्व्हर ठरवणं) हा अनेकांचा पहिला उपाय असतो, पण एनजिनएक्सचा आयपी हॅश आयपीव्ही४ चे पहिले तीनच भाग बघतो, आणि मोबाईल कंपन्या तर हजारो ग्राहक एकाच पब्लिक आयपीमागे ठेवतात. परिणामी एका सर्व्हरवर झुंबड, दुसरा रिकामा. पुढे सीडीएन असेल आणि खरा आयपी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडरमधून घेतलेला नसेल तर आणखी वाईट. कुकीवर चालणारे स्टिकी सेशन बरे, आणि सेशन रेडिससारख्या सामायिक जागी ठेवणं सगळ्यात बरं.

शेवटची, अवघड तपासणी: कर्नल

इथवर काही सापडलं नसेल तरच. लोड बॅलन्सरच्या लॉगमध्ये क्रमांक ९९, ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ दिसला तर बाहेर पडायचे पोर्ट संपले आहेत. लिनक्स मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट वापरतो, आणि बंद झालेलं कनेक्शन ६० सेकंद ‘टाइम-वेट’मध्ये पोर्ट अडवून बसतं. हिशेब केला तर एका बॅकएंड पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शनं, त्यापुढे नाही. उपाय कीप-अलाइव्हच आहे, म्हणजे कनेक्शन पुन्हा वापरा. आणि तो चालू केलात की दुपारच्या ५०२ चे आकडे आधीच जुळवून ठेवा. कर्नलच्या नोंदींत ‘कॉनट्रॅक टेबल फुल’ दिसलं तर फायरवॉलची नोंदवही भरली आहे आणि नवी पॅकेट्स टाकून दिली जात आहेत. उघड्या फाइलींची मर्यादा १०२४ वरच राहिली आहे का, तेही बघा.

कुठे थांबायचं

पैसे अडकले असतील, म्हणजे पेमेंट झालं आणि ऑर्डर नाही, किंवा पैसे दोनदा कापले गेले, तर तिथेच थांबा. आधी विक्री बंद करा, पेमेंट गेटवेच्या नोंदींशी ताळमेळ घाला आणि जाणकार बोलवा. चालू साइटवर प्रयोग करायची ही वेळ नाही.

डेटाबेस स्वतःहून रीस्टार्ट होत असेल, किंवा डिस्कच्या चुका कर्नलच्या नोंदींत दिसत असतील, तर हात लावू नका. पहिलं काम बॅकअप, दुसरं काम फोन. अनोळखी देशांतून अचानक हजारो आयपी येत असतील तर तो हल्ला आहे, आणि तो तुमच्या मशीनवर थोपवता येत नाही. तुमच्या होस्टिंगच्या किंवा सीडीएनच्या माणसांनी तो वर अडवायला हवा. लोड बॅलन्सर क्लाऊडचा असेल आणि दोष त्याच्या आत आहे असं चौथ्या तपासणीने दाखवलं, तर तिकीट टाका. कर्नलचे आकडे जुनी किंमत लिहून न ठेवता बदलायची वेळ आली असेल तरीही थांबा. आणि वर लिहिलेलं सगळं करून दोन दिवस झाले असतील, तर आता पॅकेट पकडून वाचायची गरज आहे, ते रोज करणाऱ्या माणसाकडे द्या.

त्या माणसाला ‘साइट अधूनमधून पडते’ एवढंच सांगू नका. वेळांची यादी द्या, यूटीसी की भारतीय ते लिहून. प्रत्येक वेळेची लोड बॅलन्सरच्या लॉगची ओळ आणि त्याच सेकंदाची बॅकएंडची ओळ द्या, आणि बॅकएंडला ओळच नसेल तर ‘ओळ नाही’ असं लिहा. दोन्ही बाजूंचे टाइमआउटचे आकडे द्या. आजवर काय काय बदललं आणि कधी, तेही. काकूंच्या वहीचं पान मी फोटो काढून जसंच्या तसं पाठवलं असतं तरी चाललं असतं.